फरक बिल आणि ग्राफिक्स कार्ड

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की हातकणंगले तालुक्यात पैसा हलायला लागतो. गोकुळ दूध संघाचे फरक बिल, म्हणजे दूधदरातल्या फरकाची रक्कम, गावोगावच्या संस्थांत जमा होते, शिरोलीच्या फौंड्रीत आणि इचलकरंजीच्या मागावर बोनसची बोलणी सुरू होतात, साखर कारखाने सभासदांना सवलतीची साखर देतात. या पैशाच्या वाटा आधीपासून ठरलेल्या असायच्या. कपडे, किराणा, सोसायटीचे देणे, फार झाले तर मोटारसायकलचा पहिला हप्ता. गेल्या काही वर्षांत त्यात एक नवा मागणीदार आला आहे. डिप्लोमाला किंवा बारावीला असलेला घरातला पोरगा मोबाइलवर एक यादी उघडून वडिलांसमोर धरतो. यादीत आठ-नऊ नावे असतात, एकही मराठी नसते, आणि खाली बेरीज असते : साठ हजार, सत्तर हजार, कधी लाख.

या अंकाच्या संपादकांनी ‘हौस आणि हिशोब’ असा विषय दिला, तेव्हा मला ही यादी आठवली. गेम खेळण्यासाठीचा संगणक सुटे भाग निवडून जोडून घ्यायचा, ही हौस महागडी आहेच, शिवाय तिच्यात हिशोब चुकायला भरपूर जागा आहे. बहुतेक याद्या यूट्यूबवरून उतरवलेल्या असतात. त्या करणारा बसलेला असतो बंगळुरूच्या किंवा मुंबईच्या फ्लॅटमध्ये, आणि संगणक चालायचा असतो मळ्यातल्या घरात, शेजारी पाण्याची मोटर किंवा माग असताना. ही यादी इथे कितपत चालते, हे पाहायला मी दुकानांत आणि घरांत फिरलो.

कोटेशन

खुद्द हातकणंगल्यात मोबाइल, झेरॉक्स, प्रिंटरची टोनर भरून देणारे आणि सीसीटीव्ही बसवणारे पुष्कळ. ग्राफिक्स कार्ड काचेमागे मांडून ठेवणारे दुकान मात्र इथे चालणे कठीण. एवढा माल अडकवून बसणे तालुक्याच्या गावात परवडत नाही. मग माणूस आठ-दहा किलोमीटरवरच्या इचलकरंजीला जातो, नाहीतर वीसेक किलोमीटरवरच्या कोल्हापूरला. मिरज-कोल्हापूर रेल्वेमार्गावर हातकणंगले स्टेशन असल्याने रेल्वेनेही जाता येते. तरी मॉनिटरचा खोका आणायचा असला की कुणाची तरी गाडी सांगून ठेवलेली असते.

इचलकरंजीच्या एका दुकानात मी कोपऱ्यात बसून होतो. हातकणंगल्याजवळच्या गावातले वडील आणि मुलगा आले. वडील दुधाचे, डोक्यावर टोपी, हातात पिशवी. मुलाने यादी दाखवली. दुकानदाराने ती वाचली, दोन फोन केले आणि बिलबुकाच्या पाठीवर आकडे मांडायला घेतले.

“बासष्ट होतंय, आण्णा.”

“साठ म्हणलं होतं की यानं. बरं, ह्यात टीव्ही आला न्हवं?”

“मॉनिटर वेगळा. यादीत धरलेलाच न्हाई त्यानं.”

“आणि ते लाईट गेल्यावर चालतंय ते?”

“यूपीएस? तो पण वेगळा.”

वडिलांनी मुलाकडे पाहिले, मुलाने छताकडे. साठ हजारांचा आकडा बघता बघता पंचाहत्तरवर गेला होता. कीबोर्ड, माउस, हेडफोन आणि विंडोजचे लायसन्स अजून धरायचेच होते. इथे पहिली गोम कळते. यूट्यूबवरचे ‘साठ हजारांचा पीसी’ हे बहुतेकदा नुसत्या डब्याचे बोलणे असते. ज्याच्या घरात आधीचा काहीच सांगाडा नाही, त्याने हातातल्या रकमेतून पंधरा ते वीस हजार आधी बाजूला काढावेत आणि उरलेल्यात डबा बसवावा.

वडिलांचा पुढचा प्रश्न रास्त होता : “जीएसटी कमी झालाय म्हणं?” झाला आहे, पण इथे फारसा नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठे टीव्ही, एसी २८ टक्क्यांवरून १८ वर आले. प्रोसेसर, मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड हे आधीही १८ टक्क्यांतच होते आणि आजही आहेत. उलट रॅमचे भाव २०२५ च्या उन्हाळ्यापासून चढत गेले. कारण कोल्हापुरात नाही, कोरियात आणि अमेरिकेत आहे. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्यांच्या हातात जगातला मेमरीचा बहुतेक धंदा आहे. जुनी डीडीआर४ मेमरी बनवणे आवरते घेऊन त्यांनी एआयच्या सर्व्हरला लागणाऱ्या महागड्या मेमरीकडे मोर्चा वळवला. त्यामुळे दुकानदार कोटेशनवर ‘आजचा दर’ असे लिहून देतो. ही त्याची चलाखी नसते. उद्या त्यालाच तो माल त्या दरात मिळेल याची खात्री नसते.

खेळ कोणता, ते आधी

मुलांना विचारले, काय खेळणार? उत्तरे तीन-चारच आली. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक, जीटीए पाच, आणि “जीटीए सहा आला की तो”. शेवटच्या उत्तरावर थोडे थांबायला हवे. जीटीए सहा हा प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्ससाठी जाहीर झालेला खेळ आहे. पीसीची आवृत्ती कंपनीने जाहीरच केलेली नाही. त्याच्या नावावर आज वीस हजार जास्तीचे घालणे म्हणजे न ठरलेल्या लग्नाचा हॉल बुक करणे.

व्हॅलोरंटचे प्रकरण उलटे आहे. जून २०२० मध्ये आलेला हा खेळ मुद्दाम हलका बनवला आहे. सेकंदाला १४४ चित्रे हवीत तर कंपनी स्वतः सुचवते ते जीटीएक्स १०५० टीआय हे कार्ड, म्हणजे २०१६ सालचे. जो पोरगा दिवसभर फक्त व्हॅलोरंट खेळणार आहे, त्याला ग्राफिक्स कार्ड नसलेलाही संगणक पुरतो, फक्त प्रोसेसरमध्येच बऱ्यापैकी ग्राफिक्स हवे. एएमडीचा रायझन ५ ५६००जी किंवा नवा ८६००जी याच कामाचा. अशा यंत्रात रॅम मात्र एक सोळाची पट्टी न घेता आठ-आठच्या दोन घ्याव्यात. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच उसने घेते. दोन पट्ट्या असल्या की दोन वाटांनी घेते आणि खेळात फरक उघड दिसतो.

सायबरपंक २०७७ किंवा रेड डेड रिडेम्प्शन २ खेळायचे असेल तर गोष्ट वेगळी. तिथे स्वतंत्र कार्डाला पर्याय नाही. रेड डेडला डिस्कवर दीडशे जीबी जागा लागते. रोज दीड जीबी देणाऱ्या मोबाइल पॅकवर हा खेळ उतरवायला बसलात तर शंभर दिवस लागतील. म्हणून घरात फायबरची लाइन नसेल तर तिचा खर्चही याच हिशोबात धरायचा. आणि राउटरपासून संगणकापर्यंत साधी लॅनची वायर ओढायची. ऑनलाइन खेळात हरण्याचे खापर पोरे कार्डावर फोडतात. दोष बऱ्याचदा दोन भिंतींपलीकडून येणाऱ्या वायफायचा असतो.

पालकांच्या मनात आणखी एक गोंधळ दिसला. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्यात बंदी आली ती पैसे लावून खेळायच्या खेळांवर. ई-स्पोर्ट्सला तोच कायदा मान्यता देतो. पोराने विकत घेतलेला जीटीए त्यात येत नाही. अभ्यासाचे काय, हा प्रश्न वेगळा, त्याला कायद्याचा आधार नाही.

अठरा हजारांत आय सेव्हन

फ्लेक्सवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते : आय सेव्हन गेमिंग पीसी, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स, आरजीबी कॅबिनेट. किंमत अठरा-वीस हजार. वडिलांना हा आकडा पटतो, कारण ‘आय सेव्हन’ हे नाव त्यांनीही ऐकलेले असते.

आत काय असते? बहुतेक वेळा इंटेलचा तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर. त्यातला ओळखीचा आय सेव्हन-३७७० एप्रिल २०१२ मध्ये बाजारात आला. कंपन्यांच्या कार्यालयांतून मोडीत निघालेले हे प्रोसेसर नव्या कोऱ्या स्वस्त मदरबोर्डवर बसवून विकले जातात. प्रोसेसर चालतो, त्यात खोटे काही नाही. मात्र जानेवारी २०२२ मध्ये आलेला आय थ्री-१२१००एफ घ्या. त्यालाही चारच कोर आणि आठच थ्रेड, नाव मात्र ‘थ्री’. तरी तो त्या जुन्या ‘सेव्हन’ला खेळात सहज मागे टाकतो. तीन, पाच, सात हे आकडे एका पिढीतल्या थोरल्या-धाकट्याचे आहेत. पिढी कुठली, हे त्यापुढच्या अंकांवरून कळते आणि फ्लेक्सवर नेमके तेच अंक गाळलेले असतात.

यात आणखी एक पेच आहे. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते. कुणी आडमार्गाने जुन्या यंत्रावर विंडोज ११ चढवूनही देतो. मग व्हॅलोरंट उघडत नाही, कारण विंडोज ११ वर त्याची चोरपकड व्यवस्था टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट मागते आणि २०१२ च्या यंत्रात टीपीएम २.० नसतो. गंमत म्हणजे खेळ झेपण्याइतकी ताकद त्या प्रोसेसरमध्ये असते. अडते ते कागदपत्रांवर.

‘४ जीबी ग्राफिक्स’चीही तीच तऱ्हा. जीटी ७३० हे २०१४ चे कार्ड चार जीबीसह आजही विकत मिळते. जीबी हा कार्डाच्या मेमरीचा आकडा आहे, वेगाचा नाही. त्याहून फसवे एकाच नावाची दोन कार्डे. आरटीएक्स ३०५० आठ जीबीचे २०२२ च्या जानेवारीत आले. २०२४ मध्ये त्याच नावाने सहा जीबीचे आले, पण त्यात मेमरीच नव्हे तर आतले कोरही कमी आहेत. दुकानदार “तीन हजार पन्नास आहे” म्हणाला की पुढचा प्रश्न “कुठले?” हाच असायला हवा.

जोड जमवणे

मग साठ-पासष्ट हजारांत, मॉनिटर धरून, काय बसते? ढोबळ सांगतो; दर आठवड्याला हलतात. रकमेचा तिसरा हिस्सा, जरा जास्तच, ग्राफिक्स कार्डाला. या टप्प्यात एएमडीचे आरएक्स ६६०० मिळाले तर उत्तम. २०२१ चे असले तरी १०८०पी च्या पडद्यावर आजही निभावून नेते. प्रोसेसर रायझन ५ ५६०० किंवा आय फाइव्ह-१२४००एफ, साधारण दहा हजारांच्या आगेमागे. मदरबोर्ड आठ-नऊ हजारांचा. रॅम सोळा जीबी, एसएसडी पाचशे जीबी ते एक टीबी. मॉनिटर २४ इंची, १००च्या वर हर्ट्झचा. एसएमपीएसला, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याला, चार हजार राखून ठेवायचे; का, ते पुढे येतेच.

यादीतली सर्वांत सामान्य चूक म्हणजे उंच प्रोसेसर आणि बुटके कार्ड. पोरांना प्रोसेसरचे नाव मित्रांत सांगायचे असते. खेळाची चित्रे काढण्याचे बहुतेक काम मात्र कार्ड करते. सहा कोरांचा बरा प्रोसेसर असला की त्यावर घातलेले पुढचे दहा हजार खेळात जवळजवळ दिसतच नाहीत. तेच दहा हजार कार्डावर घातले तर दिसतात. उलट्या दिशेचीही चूक होते : घरातला जुना संगणक तसाच ठेवून त्यात नवे कार्ड खुपसणे. इंटेलचे आर्क बी५८० हे डिसेंबर २०२४ मध्ये आलेले बारा जीबीचे कार्ड पैशाच्या मानाने जोरदार आहे, पण जुन्या प्रोसेसरसोबत ते ढेपाळते. आरएक्स ६५०० एक्सटी तर मदरबोर्डशी फक्त चार लेनने जोडले जाते. जुन्या बोर्डावर तेवढ्याच चार लेन, त्याही निम्म्या वेगाच्या.

पुढे वाढवायचे असेल तर सॉकेट पाहावे. रायझन ५६०० ज्या एएम४ वर बसतो, तो पाया २०१६ पासूनचा आहे आणि आता तिथे वरचा मजला फारसा उरलेला नाही. २०२२ चा एएम५ नवा आहे, एएमडीने त्याला २०२७ पर्यंत आणि पुढेही आधार देण्याचे सांगितले आहे, पण त्याला डीडीआर५ रॅम आणि महाग बोर्ड लागतो. एकदाच पैसे हाती येणार असतील आणि पाच वर्षे त्याला हात लावायचा नसेल तर एएम४ बिनदिक्कत घ्यावा, असे माझे मत. दरवर्षी फरक बिलातून थोडे थोडे घालणाऱ्याने एएम५ वर चढावे, सुरुवातीला कार्ड लहान घेऊन.

जोडून घरी आणलेल्या संगणकांत मला फुकट मिळणारा वेग वाया जाताना दिसला, तो खर्चापेक्षा जास्त चुटपुट लावणारा. एका घरी मॉनिटरची वायर ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डला लावलेली. वीस हजारांचे कार्ड आत नुसते गरम हवा खात बसलेले. दुसऱ्या घरी १४४ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजमध्ये ६० वरच. रॅमचे तर विचारू नका. ३२०० ची पट्टी बायॉसमध्ये एक्सएमपी सुरू न केल्यास २१३३ किंवा २४०० वरच चालते, आणि ते सुरू करायला अर्धे मिनिटही लागत नाही. संगणक घरी नेण्याआधी दुकानातच या तीन गोष्टी डोळ्यांसमोर करून घ्याव्यात.

वीज

आता खरी गोष्ट. यूट्यूबच्या यादीत एसएमपीएस सगळ्यात शेवटी असतो आणि पैसे कमी पडले की कात्री तिथेच लागते. कॅबिनेटसोबत ‘४५० वॅट’चा एक डबा फुकटही मिळतो. हातात घेतला तर हलका लागतो. त्यावरचे स्टिकर वाचायला शिकले तर निम्मी फसवणूक टळते. प्रोसेसर आणि कार्ड दोघेही १२ व्होल्टवर जगतात. स्टिकरवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते पाहायचे आणि १२ ने गुणायचे. सोळा अँपिअर असतील तर १९२ वॅट झाले. मोठ्या अक्षरांतले ४५० जाहिरातीपुरते. आरएक्स ६६०० एकटे १३२ वॅट मागते, रायझन ५६०० भर कामात ७६ पर्यंत जातो. बेरीज २०८. म्हणजे हा डबा पहिल्याच अवघड लढाईत मान टाकणार, आणि जाताना एकटा जाईल असे नाही.

आता ही वीज कुठून येते ते पाहू. गावठाणातल्या घरांना एकवेळ बरी येते. मळ्यातल्या वस्तीला शेतीच्या फीडरवरून येते. तिथे संध्याकाळी शेजारच्या विहिरींवरच्या मोटरी सुरू झाल्या की दिवे मलूल होतात, मोटरी बंद झाल्या की व्होल्टेज उसळते. यंत्रमागाच्या शेडला लागून असलेल्या घरांत हाच खेळ दिवसभर. पंखा हे सोसतो. स्वस्त एसएमपीएसला सोसत नाही. काहींच्या पाठीवर ११५/२३० चे लाल बटण असते. तो डबा २३०च्या आसपासच्या ठरावीक पट्ट्यातच नीट चालतो. चांगल्या, अॅक्टिव्ह पीएफसी असलेल्या एसएमपीएसवर इनपुट १०० ते २४० व्होल्ट लिहिलेले असते. बंगळुरूच्या फ्लॅटमध्ये ही ओळ कुणी वाचत नाही. रुकडीच्या किंवा आळत्याच्या मळ्यात तीच आधी वाचायची. ८० प्लस ब्राँझ हा शिक्का वीज किती वाया जाते ते सांगतो, टिकाऊपणाची हमी देत नाही. तरी तो खरा असेल तर आतला माल अगदीच टाकाऊ नसतो.

यूपीएसचा हिशोब पुढचा. दुकानात सगळ्यात जास्त खपतो तो ६०० व्हीएचा. तो जास्तीत जास्त ३६० वॅट पेलतो. वर सांगितलेला संगणक मॉनिटरसह खेळताना अडीचशे ते तीनशे वॅट घेतो, म्हणजे काठावर निभावते आणि वीज गेल्यावर दोन-चार मिनिटे मिळतात, खेळ सेव्ह करून बंद करण्यापुरती. इथे कार्डाची निवड पुन्हा उघडते. आरटीएक्स ४०६० हे २०२३ चे कार्ड ११५ वॅटमध्ये भागवते. बी५८० ला १९० लागतात. कागदावर बी५८० स्वस्त आणि मेमरीने मोठे, पण त्यासोबत मोठा एसएमपीएस आणि हजार-अकराशे व्हीएचा यूपीएस आला की स्वस्ताई बरीचशी वितळते. शहरातल्या यादीत यूपीएस नसतोच, त्यामुळे ही तुलनाही कुणी करत नाही. माझ्या मते या तालुक्यात कमी वीज खाणाऱ्या कार्डाला दोन हजार जास्त मोजणे शहाणपणाचे.

अर्थिंगचे कुणी बोलतच नाही. कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, ही तक्रार मी एकाहून जास्त घरांत ऐकली. “करंट थोडा मारतोय, सवय झालीया,” असे एका मुलाने हसत सांगितले. ही सवय करून घेण्याची गोष्ट नाही. तीन पिनांच्या सॉकेटमध्ये तिसरे भोक नुसते नावाला असते, मागे वायरच नसते. वायरमनकडून खड्डा काढून, मीठ-कोळसा भरून अर्थिंग करून घ्यावे, आणि उन्हाळ्यात त्यात अधूनमधून पाणी ओतावे. एसएमपीएसमधली गळती वीज आणि वळवाच्या पावसातले वीजकडाके, दोघांनाही जायला वाट लागते. गडगडाट सुरू झाला की यूपीएसवर विसंबू नये, सरळ पिन काढावी, आणि इंटरनेटची वायरही.

बिलाचे म्हणाल तर अडीचशे वॅटने चार तास म्हणजे रोज एक युनिट, महिन्याला तीस. तीस युनिटांनी कुणी बुडत नाही, पण महावितरणचा दर शंभर युनिटांनंतर चढतो. आतापर्यंत ऐंशी-नव्वदमध्ये राहणारे घर त्या रेषेच्या पलीकडे जाते आणि मग आई विचारते, हे काय वाढलेय.

सुताचे तूस

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी आणला. आज तो धंदा आजूबाजूच्या गावांतही पसरला आहे, आणि जिथे माग तिथे हवेत सुताचे तूस. ते धुळीसारखे खाली बसत नाही, तरंगते आणि पंख्याच्या तोंडाशी जाऊन चिकटते. सहा महिन्यांत ग्राफिक्स कार्डाच्या पंख्यामागच्या पत्र्यांवर पांढरा नमदा तयार होतो. हवा जात नाही, कार्ड तापते, आणि जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करते. मालकाला वाटते कार्ड खराब झाले.

त्यामुळे कॅबिनेट निवडताना काचेच्या तोंडाचे आणि दिव्यांचे घेऊ नये. पुढून जाळी, जाळीच्या आत काढून झटकता येणारी फिल्टर, आणि हवा आत ओढणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा जास्त, म्हणजे हवा फटींतून आत शिरण्याऐवजी बाहेर पडते. बाकी स्वच्छतेची हत्यारे इथे घराघरात आहेत. मागाच्या शेडमध्ये किंवा पंक्चरवाल्याकडे काँप्रेसर असतो. फक्त आधी त्याच्या टाकीतले पाणी काढून टाकावे, नाहीतर हवेबरोबर पाण्याचे थेंब बोर्डावर जातात. आणि पंख्याचे पाते बोटाने धरून मगच हवा मारावी. मोकळे सोडले तर ते भरधाव फिरून बेअरिंग जाते.

दुसऱ्याचे कार्ड

पैसे कमी असतील तर जुने कार्ड हा वाईट मार्ग नाही, डोळे उघडे ठेवले तर. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने आपली पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवर ते नाणे काढण्याचा धंदा एका दिवसात संपला. रात्रंदिवस राबलेली ती कार्डे जगभरच्या बाजारांत उतरली, आपल्याकडेही. त्यांत आरएक्स ५८० फार. त्याचा एक उपप्रकार २०४८ कोरांचा आहे. मूळ कार्डात २३०४ असतात. जीपीयू-झेड नावाचा छोटा फुकट प्रोग्राम चालवला की कुठला ते कळते.

तालुक्यात याहून चांगला स्रोत आहे, तो म्हणजे लग्नाचे व्हिडिओ मिक्सिंग करणारे आणि फ्लेक्स डिझाइनवाले. इथले दमदार संगणक आधीपासून त्यांच्याकडेच आहेत. दोन-तीन हंगामांनी ते कार्ड बदलतात, बिल ठेवतात आणि गावात तोंड दाखवायचे असल्याने खोटेही बोलत नाहीत. कार्ड त्यांच्याच संगणकात वीस मिनिटे ताण देऊन चालवून पाहावे, स्क्रूवर पेचकसाच्या खुणा आहेत का आणि पत्र्यावर गंज आहे का ते बघावे. आणि जाता जाता त्यांच्याकडे काम शिकता येते का तेही विचारावे. गेमिंगचा संगणक आणि एडिटिंगचा संगणक यांत फरक फार थोडा. मला भेटलेल्यांपैकी एका मुलाने रात्री रील्स आणि वाढदिवसाचे बॅनर करून यूपीएसचे पैसे फेडले आहेत. ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा २०२० चा खेळ पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवला, त्यामुळे खेळ बनवण्याचे कामही आता फार दूरचे राहिलेले नाही, हे पालकांना सांगायला हरकत नाही.

बिल

भाग ऑनलाइन मागवावेत की दुकानातून? ऑनलाइन दोन-तीन हजार वाचतात, कधी त्याहून जास्त. पण बिघडल्यावर कुठला भाग बिघडला हे ठरवायलाच दुसरा एसएमपीएस, दुसरी रॅम लागते, आणि ती घरी नसते. पहिला संगणक घेणाऱ्याने मुख्य भाग जवळच्या दुकानातून घ्यावेत असे मी म्हणेन, फक्त ‘कंपनीचा आहे’ या उत्तरावर थांबू नये. प्रत्येक भागाचे पूर्ण नाव आणि मॉडेल कोटेशनवर लिहून मागावे. प्रोसेसर बॉक्समधला की सुटा, हेही विचारावे. बॉक्समधल्याला इंटेल आणि एएमडी तीन वर्षांची वॉरंटी देतात. सुट्याला जबाबदार असतो तो फक्त विकणारा.

कार्डाचे खोके माळ्यावर टाकून द्यायचे नाहीत. वॉरंटीला पाठवताना ते लागतात.

आणि बिल पक्के घ्यावे. “बिनबिलाचं दीड हजार कमी करतो” या वाक्याला भुलणारे वडील मी पाहिले आणि त्यांच्या बाजूने विचार केला तर ते मला समजतेही. दीड हजार म्हणजे पेंडीचे एक पोते. पण साठ हजारांच्या वस्तूला पुरावा काहीच उरत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार जिथे आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात करता येते. दुकान मुंबईत असो वा ऑनलाइन, हातकणंगल्याच्या माणसाने कोल्हापुरातच जायचे. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी तक्रारीला शुल्क नाही, वकील लागतोच असेही नाही. बिल मात्र लागते, आणि त्यावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर दुकानातच लिहून घ्या.